चांदी पान्हवत नाय

वैनी इस्पितळात गेली आणि इकडं चांदीनं पान्हा घालायचा बंद केला. चांदी म्हणजे आमची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी, नायतर रंग बघाल तर तव्याचं बूड.

वैनी म्हणजे चंद्रभागा, माझ्या थोरल्या भावाची, काळूरामदादाची बायको. मी इंदू, तिची धाकटी नणंद. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. भांडायचो आमी, नाय असं नाय. पण भांडून झालं की एका ताटात जेवायचो. म्हणून वैनीला पनवेलला ठेवलं तशी मी माझी पोरं सासूवर टाकली आणि खालापूरजवळ आमच्या वस्तीवर येऊन राहिले. दादाला भाकऱ्या कोण थापणार? तो मोहोपाड्याच्या कारखान्यात पिंपं चढवायचा-उतरवायचा. घरी येईपर्यंत त्याच्यात काय राहायचं नाय.

वैनीची पिशवी काढायची होती. अंगावरून इतकं जायचं की बाई पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, लवकर काढायला पायजे, पण ब्लडप्रेशर इतकं वर असताना मी हात लावणार नाय. गोळ्या चालू, मीठ बंद, तरी ते मेलं उतरेना. बाईंनी वैनीला जवळ बसून विचारलं, "तुम्हाला काळजी कसली आहे?" तर ही म्हणाली, "चांदीची." डॉक्टरीणबाईंना वाटलं, मुलगी असेल.

तसं बघितलं तर मुलगीच. वैनीला मूलबाळ नाय. चांदीची आई पान लागून, म्हणजे साप चावून, मेली तेव्हा चांदी ही एवढीशी होती. वैनीनं तिला पेजेत बोटं बुडवून, ती चोखायला लावून वाढवली. यंदा चांदी व्यायली आणि रेडकू चार दिवसांत गेलं. रेडकू नसलं की म्हैस धार देत नाय, पण चांदी वैनीच्या हाताला पान्हवायची. आता वैनीच नाय म्हटल्यावर तिनं साफ नाय म्हटलं. दादा खाली बसून सड ओढायचा, ओढायचा, आणि चरवीत चार थेंब. कास दगडासारखी टणक झालेली. हात लावला की अंग चोरायची.

रविवारी आमी पनवेलला गेलो. वैनीनं आधी विचारलं ते हेच, "धार देते का?"

"देते की. भरपूर," दादा म्हणाला. आमच्या दादाला खोटं बोलता आलं असतं तर तो आज मुकादम झाला असता. सगळं जमिनीकडं बघून.

"शेवटची धार कुठल्या सडाची काढता?"

दादा म्हणाला, "पुढच्या."

वैनीनं तोंड भिंतीकडं केलं. मागच्या डाव्या सडाची शेवटी काढायची असते, ते मलाबी ठाऊक नव्हतं. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कागदावर काय ते लिहिलं आणि आमच्याकडं असं बघितलं, की आमी आपलं तोंड घेऊन एस.टी. गाठली.

त्या दिवसापासून आख्खी वस्ती गोठ्यात. एवढं प्रेम चांदीच्या वाट्याला जन्मात आलं नसेल! अंबाबाई म्हातारी म्हणाली, दृष्ट लागली, मिरच्या ओवाळा. दादा म्हणाला, "मावशी, ते सगळं आपण छप्पन साली सोडलं." तर ती म्हणाली, "मग गूळ तरी घाल रं, गूळ नाय ना सोडला?" गूळ घातला. कोंड्या-पेंडीचं आंबोण घातलं. कोणी पाठीवरून हात फिरवतंय, कोणी गळा खाजवतंय. जोरात बोलायचं नाय, भांडं आपटायचं नाय, पोरांनी गोठ्याकडं फिरकायचं नाय. "माझी बाय ती, माझी सोनी ती," असं आमी सगळे कुजबुजत. दादानं तर वैनीचं लुगडं अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसला धारेला. चांदीनं हुंगलं, मान फिरवली आणि पदराचं टोक चावून खाल्लं. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. पण दादा तसाच पदर घेऊन बसून राहिला ना, मला बघवेना.

शेवटी खालापूरच्या गुरांच्या दवाखान्यातून मोहियुद्दीन डॉक्टरांना बोलावलं. शांत माणूस. सायकल टेकवली, "जयभीम, इंदूबाई" म्हणाले आणि आधी नुसते लांब उभे राहून चांदीकडं बघत बसले. मग कास चाचपली.

मी म्हणाले, "चोरते बघा मेली दूध."

"चोरत नाही हो ती. तिच्या हातात नाही ते." मग ते दगडावर टेकले आणि मला समजेल असं सांगितलं. म्हशीच्या मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते. रेडकानं तोंड लावलं, ओळखीचा हात लागला, की ती गाठ रक्तात एक रस सोडते. तो रस कासेत पोचला की दूध खाली उतरतं. तो पान्हा. पण जनावर घाबरलं तर मेंदू दुसरीकडं वर्दी देतो. मूत्रपिंडांवर दोन गाठी असतात, त्या आपला रस सोडतात. तो रस पळायचा, नायतर लढायचा. काळीज धडधडतं, शिरा आवळतात, आणि पहिला रस कासेपर्यंत पोचतच नाय. वाघ मागं लागल्यावर कोण पोराला पाजत बसेल?

"दूध आत आहे, इंदूबाई. भीती वाट अडवून बसली आहे. मी इंजेक्शन देऊन उतरवीन, पण मग रोज सुई लागेल. गोठ्यात नवीन काय आलं?"

"काय नाय."

"मग जुनं काय गेलं?"

"वैनी गेली. तिचं लुगडंबी नेसून झालं." मी वैतागले. "आणि भीती कसली वाटतेय तिला? एवढं लाडानं बोलतोय आमी. घरात कोणी मेल्यासारखे कुजबुजतोय नुसते!"

माझं मलाच ऐकू आलं. दादाकडं बघितलं. त्याच्याबी लक्षात आलं होतं.

तुमाला सांगायला पायजे, वैनीचं तोंड कसं होतं. पहाटे आमच्या वस्तीला कोंबडा उठवायचा नाय, वैनी उठवायची. "ए सटवे! सरक तिकडं! खायला काळ आणि भुईला भार, टवळे! शेपूट मारशील तर मुडदा पाडीन तुझा!" असं चरवी भरेपर्यंत चालायचं. बोटं चोखत होती तेव्हापासून चांदीनं हेच ऐकलेलं. तिला काय ठाऊक शिवी कशाला म्हणतात? तिच्या लेखी ती अंगाईच. आणि लाडाची कुजबूज तिनं कधी ऐकली? रेडकू जात होतं तेव्हा. मी तेव्हा माहेरी आले होते; तेव्हाबी आमी असेच सगळे गोठ्यात जमून हळू हळू बोलत होतो.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "बघा करून," म्हणाले.

मी लगेच पदर खोचला. शिव्यांत मी काय कमी नाय. तोंड उघडलं आणि वैनीच्या वरचढ चार घातल्या. चांदीनं लाथ झाडली, चरवी पार दारात. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला खरंच राग आला आहे, इंदूबाई. तिला कळतो तो." आला होताच. त्या जनावरापायी माझी वैनी मरायला टेकली होती.

राहिला दादा. आणि दादा म्हणजे, लग्न झाल्यापासून ज्याचा आवाज शेजारी गेला नाय असा माणूस. खाली बसला, सडाला हात लावला आणि म्हणाला, "ए... सटवे." जशी काय देवळात घंटा वाजवायची चोरी. चांदीनं कानबी हलवला नाय.

"मोठ्यानं, दादा!"

"ए सटवे. सरक की गं."

"दादा, वैनी घरी यायला पायजे का नको?"

मी हे बोलायला नको होतं, की बोलायला पायजे होतं, मला अजून कळत नाय. त्याचा चेहरा एकदम पडला. मग त्यानं चांदीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि ओरडला. "ए सटवे! भवाने! मला एकट्याला टाकून निघालीस व्हय गं? कोण हाय मला? दिवसभर पिंपं उचलतो ती कुणासाठी? घरी ये मुकाट्यानं! ऐकतेस का, टवळे? नायतर मुडदा पाडीन तुझा!" ओरडतोय आणि रडतोय. हात मात्र चालूच. तो कुणाला बोलत होता ते चांदी सोडून आमाला सगळ्यांना कळलं. अंबाबाईनं पदर डोळ्याला लावला.

चांदीनं एक लांब श्वास सोडला आणि रवंथ करायला लागली. मग चरवीत आवाज आला. धार! एक, मग दुसरी, मग चरचर चरचर. मी डॉक्टरांच्या समोर धाय मोकलून रडले, लाज ना शरम.

दुसऱ्या दिवशी दादानं कारखान्यात खाडा केला. आमी पनवेलला गेलो. वैनी आणखी बारीक दिसत होती. तिनं काय विचारायच्या आत दादा म्हणाला, "मागच्या डाव्या सडाची काढली शेवटी. चरवी भरली." आणि ह्या वेळी तिच्याकडं बघून म्हणाला.

वैनी उठून बसली. "कशी दिली? काय केलंत?"

"लाडानं कुजबुजलो तर घाबरायची. मग शिव्या दिल्या."

"तुमी?" ती खुदकन हसली. "तुमी, आणि शिव्या? काय दिल्या, बोला बघू."

दादा लाजून चूर. बायकांचा वॉर्ड, सगळ्या बघतायत. तो खाटेच्या कडेला टेकला आणि मान खाली घालून, पण अगदी ऐकू जाईल असं बोलला, "भवाने, मला एकट्याला टाकून निघालीस व्हय? घरी ये मुकाट्यानं."

वैनीचं हसू थांबलं. तिनं त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. मी खिडकीतून बाहेर बघायचं नाटक केलं.

सिस्टर पट्टा घेऊन आली. बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी स्वतः बघितलं आणि म्हणाल्या, "यांना रात्रीपासून काही खायला देऊ नका. सकाळी पहिलं ऑपरेशन यांचं."

तेव्हा मात्र दादा घाबरला. वैनीच्या उशाशी वाकून तो एकदम हळू, लाडानं कुजबुजायला लागला, "काय होत नाय हां, काय होत नाय तुला..."

वैनीनं त्याचं तोंड हातानं बंद केलं.

"अवो, हळू बोलू नका," ती म्हणाली. "आमाला दोघींनाबी भीती वाटते."