सुट्टीच्या दिवशीची चाचणी

दूध कारखान्याचे मालक जावयाला खुशीत असले की ‘पोरा’ म्हणत, बिनसलं की ‘जावईबापू’. त्या दुपारी फाटकापाशी उभं राहून त्यांनी विचारलं, “काय जावईबापू, देऊन टाकू ना हा भंगारात?”

हा म्हणजे जुना डिझेल जनरेटर. तो ट्रकवर चढलाही होता. दोर आवळायचा तेवढा बाकी होता.

“द्या की. गॅसचा आहे ना आपला! धूर नाही, टाकी भरायची कटकट नाही.”

गॅसचा जनरेटर ही जावयाची या घरातली एकुलती एक जमेची बाजू. बाकी सगळी खर्चाची, असं सासरे बायकोला सांगत आणि ती आठवणीनं लेकीच्या कानावर घाली. म्हणून दर सुट्टीला जावई इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, मेन स्विच पाडायचा, शीतगृहाचा सगळा भार जनरेटरवर टाकायचा आणि सासऱ्यांना शेजारी खुर्ची द्यायचा. जनरेटर कधी अडखळला नव्हता.

दोर आवळत असतानाच वीज गेली.

दोघं आत धावले. टाक्यांत सकाळचं सगळं दूध होतं, आणि थंडावा गेला असता तर ते काही तासांत हातचं गेलं असतं. तेवढ्यात गॅसचा जनरेटर धडधडत उठला. दिवे आले.

“बघा!”

“बघतोय, पोरा,” सासरे म्हणाले.

वीज गेली तसा दूध तापवणारा बॉयलरही विझला होता. बॉयलरवाल्यानं तो पुन्हा पेटवला. पेटला मात्र, आणि दिवे मिचमिचले. जनरेटरला धाप लागली. गॅसच्या दाबाचा काटा उतरू लागला. पलीकडे शीतगृहाचा कॉम्प्रेसर आचके देत होता.

“काय झालं?”

“काही नाही. गरम होतोय जरा.”

“इंजिन की तुम्ही?”

जावयानं उगाच एक झडप चाचपली, उगाच एक वायर हलवली. इस्त्री केव्हाच घामात गेली होती. मग त्याची नजर नळीवर गेली. मीटरपासून एकच नळी येत होती. पुढे एक फाटा बॉयलरला, दुसरा जनरेटरला. सुट्टीला बॉयलर बंद असायचा. इतके दिवस जनरेटर पंगतीत एकटाच जेवत होता.

‘गॅस कंपनीनं दाब कमी केला’ असं म्हणता आलं असतं. कुणी पडताळायला जाणार नव्हतं. पण बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं.

“बॉयलर बंद करा!” तो ओरडला.

“अहो साहेब, अर्धं तापलेलं दूध फुकट जाईल!” बॉयलरवाला म्हणाला.

“जाऊ दे! दोन्ही एका नळीवर चालत नाहीत. मी बघितलंच नव्हतं. आणि तो ट्रक थांबवा कुणीतरी!”

बॉयलर विझला. काटा रेंगाळला, मग कुरकुरत वर चढला. कॉम्प्रेसरचा सूर लागला. सासरे फाटकाकडे गेले, आणि भंगारवाल्याच्या शिव्या आतपर्यंत ऐकू आल्या.

परत आल्यावर ते म्हणाले, “यापुढे चाचणी कामाच्या दिवशी. सगळं चालू असताना. आणि मला खुर्ची नको.”

वाक्याच्या शेवटी ‘पोरा’ नव्हतं, ‘जावईबापू’ही नव्हतं. संध्याकाळपर्यंत जावई त्यांच्या आसपासच घुटमळत राहिला, कान टवकारून.