थोरलीचा पुढचा ब्रेक

पुढचा ब्रेक सोमवारी लागायचा आणि मंगळवारी लागायचा नाही. साफ गेला असता तरी परवडलं असतं. पण सोमवारी बरा लागला की मला वाटायचं, अजून थोडा बरा करू. मी चाक खोलायचो, पुसायचो, परत बसवायचो, आणि मंगळवारी लिव्हर थेट मुठीला टेकायचा. गाडी आपली चाललीच आहे पुढे.

मोटरसायकल जुनी आहे. पुढच्या चाकाला डिस्क नाही, ड्रम आहे. चाकाच्या मधोमध डब्यासारखा ड्रम, त्याच्या तोंडावर झाकणासारखी प्लेट आणि प्लेटवर बसवलेले दोन अर्धगोल शू. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही, म्हणूनच जास्त डोकं फिरायचं.

माझी बायको हिला थोरली म्हणायची. आमच्या लग्नाआधीपासून ही घरात, म्हणून ही थोरली आणि पुढे झालेली मुलगी धाकटी. मुलगी एकुलती एक असूनही घरात धाकटीच राहिली. लहानपणी तिला कुणी विचारलं, मोठी बहीण काय करते, तर ती सांगायची, तेल गाळते.

बायको गेल्या थंडीत गेली. धाकटीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे इथे मी आणि थोरली.

नंतर एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी बेकरीची व्हॅन अचानक मागे आली. मी पुढचा ब्रेक दाबला. काही झालं नाही. मागचा ब्रेक लाथ मारावी तसा दाबला, तेव्हा थोरली वाकडीतिकडी होत थांबली आणि तिचा आरसा व्हॅनच्या दाराला टेकला. खरचटलंसुद्धा नाही. पण व्हॅनवाला निघाला जावयाच्या ओळखीचा. मी घरी पोचायच्या आत बातमी धाकटीकडे पोचली होती.

ती आली ती पर्सही न ठेवता बोलायला लागली. म्हणाली, "बाबा, आईच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून झालंय माझं. तुमच्यासाठी परत बसायची माझी तयारी नाही."

तिने अट घातली. आमच्या घरासमोर पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत उतार आहे. रविवारी तिच्यादेखत मी तो उतरायचा आणि फक्त पुढच्या ब्रेकवर फाटकाच्या आत थांबायचं. थांबलो तर थोरली राहील. नाहीतर ती चष्मेवाल्याकडे जाईल.

चष्मेवाला म्हणजे चौकातला चष्म्याचा दुकानदार. बरीच वर्षं थोरलीवर डोळा ठेवून आहे. चालवायला नको आहे त्याला. दुकानाच्या काचेत उभी करायची आणि हेडलाइटवर मोठा थोरला चष्मा चढवायचा, अशी त्याची कल्पना. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मी पण हसावं अशी त्याची अपेक्षा होती. त्या सीटवर बायको माझ्या मागे बसून सगळं गाव फिरली आहे. अट मी मान्य केली. ब्रेक काय, करू की, असं वाटलं.

शेजारी टर्नर राहतो. जन्मभर लेथ चालवला, आता निवृत्त, म्हणजे दिवसभर माझ्या शेडमध्ये. त्याने आधी शूच्या घासणाऱ्या अस्तरावर, म्हणजे लायनरवर, बोट ठेवलं. तेल लागलं असणार म्हणाला. तेल नव्हतं, पण लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मी नवीन लावले. ब्रेक छान लागला. दुसऱ्या दिवशी पंक्चर निघालं, चाक काढून बसवलं, ब्रेक गेला. मग टर्नर म्हणाला, केबल ताणली असेल. नवीन केबल घातली, काही फरक नाही. मग ड्रम वाकडा असेल, म्हणून त्याने चाक उचलून आपल्या जुन्या कारखान्यात नेलं, लेथवर चढवून मोजलं आणि तोंड पाडून परत आला. ड्रम अगदी गोल होता. वाकडा निघाला नाही याचं एखाद्याला इतकं वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हिला ना, चाक काढलं की राग येतो," तो म्हणाला. "तू काढूच नकोस."

हे चिडून बोललेलं वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं असतं तर पुढचा त्रास वाचला असता.

शनिवारी संध्याकाळी सगळं परत बसवलं आणि ब्रेक असा लागला की पुढचं चाक जमिनीला खिळलं. टर्नरने निघताना बजावलं, आता हात लावलास तर तुझे सगळे पाने माझ्या घरी नेऊन ठेवीन. मी हो म्हटलं. आणि रविवारी सकाळी चाक फिरवून बघताना मला आतून बारीक किरकिर ऐकू आली. ऐकू आली म्हणजे आली. धाकटी यायला अवकाश होता. मी चाक खोललं. आत काही नव्हतं, कसपटसुद्धा. तसंच परत बसवलं, आसाचा नट आवळला, लिव्हर दाबला. मुठीला टेकला.

मी शेडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि थोरलीला नको ते बोललो. मग स्वतःला बोललो. मग नट परत सोडवला, कारण दुसरं सुचत नव्हतं.

तेवढ्यात धाकटी आली. तिने चाकाकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"अजून खोललेलीच आहे?"

मी सांगितलं की काल चांगला लागत होता. तिने विचारलं, मग आज का खोललीत? किरकिर ऐकू आली हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. ती बसायला जागा शोधायला लागली. खुर्चीवर ग्रीसचा डबा, स्टुलावर जुने लायनर. शेवटी ती थोरलीवरच चढून बसली. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा होता, पुढचं चाक अधांतरी. थोरली जराशी डुलली तशी धाकटीने हँडल धरलं आणि लिव्हर आवळला.

आणि तिथून बोलायला लागली. चष्मेवाल्याचा तिला फोन आला होता. माणूस सभ्य आहे, गाडी पुसून ठेवील. तुम्ही रोज तिथून जाल तेव्हा दिसेल तरी. इथे कुणासाठी एवढी मरमर करताय? मी खाली बसून ऐकत होतो, आणि कानाची पाळी तापत चालली होती. नट अजून आवळायचा होता.

"सोड तो ब्रेक," मी म्हटलं.

"नाही सोडणार. ही हलते. पडेन मी."

मी वाद घातला नाही. पाना लावला आणि सगळा राग त्या नटावर काढला. उठलो, तिचा हात बाजूला केला आणि लिव्हर दाबून पाहिला. अर्ध्यात आला आणि थांबला. दगडासारखा. सोडला, चाक मोकळं फिरलं. दाबला, जागच्या जागी थांबलं.

मी परत पान्याकडे पाहिलं. काहीच वेगळं केलं नव्हतं. तोच नट, तेच चाक. फक्त धाकटी वर बसून ब्रेक धरून होती.

मग मला ते आठवलं, आणि मी ग्रीसच्या डब्यासकट खुर्चीवर बसणार होतो. मी चाक बसवायला घेतलं की तिची आई असंच करायची. घरातून यायची, थोरलीवर चढून बसायची, ब्रेक घट्ट धरायची आणि बोलत राहायची. दुधाचं, विजेच्या बिलाचं, तिच्या भावाच्या लग्नात कोण कसं वागलं त्याचं. मी दर वेळी म्हणायचो, सोड तो ब्रेक. ती म्हणायची, "पडेन ना मी. तुम्ही आवळा तुमचं." मग मी आवळायचो. थोरलीचा ब्रेक इतका छान कसा लागतो असं लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, हात लागतो माझा.

प्लेटला थोडी ढील असते. ब्रेक दाबून धरला की दोन्ही शू ड्रमला चिकटतात आणि प्लेट ओढून बरोबर मधे आणतात. तेव्हाच नट आवळला तर ती मधे राहते. मी एकटा आवळायचो तेव्हा ती पडेल तिथे बसायची. नशीब असलं तर मधे, नसलं तर एका बाजूला, आणि मग एकच शू घासायचा. सोमवार आणि मंगळवारचं कोडं ते एवढंच.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"तुझी आई अशीच धरून बसायची."

"ती पण घाबरायची?"

"मला तेच वाटायचं."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो परत लिव्हरवर ठेवला.

ठोकळा काढला. टाकीपासून उतार उतरलो आणि फाटकाच्या पुष्कळ आत थांबलो. तिने परत जायला सांगितलं. परत थांबलो. मग म्हणाली, आता मी मागे बसते, वजन वाढलं की कळेल. मागे बसली, माझा शर्ट मुठीत धरला, आणि आम्ही तिघं फाटकाच्या आत थांबलो. तिने तिथेच उभं राहून चष्मेवाल्याला फोन लावला. गाडी घरात वापरात आहे म्हणाली, आणि चष्मा तुम्ही दुसऱ्या कशालाही घाला.

टर्नर आला, त्याला सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, आधी बोलायचं ना, मला वाटलं तू धरूनच आवळतोस. घरी गेला आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेऊन आला. "ही लिव्हरला गुंडाळायची, ब्रेक दाबलेला राहतो. एकट्याचं काम आहे. कुणाची गरज नाही."

"काका," धाकटी म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."

टर्नरने पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि चहा घेतला. जाताना धाकटीने मला सांगून ठेवलं, फोन चाक काढायच्या आधी करायचा, नंतर नाही.

पट्टी अजून खिळ्याला आहे. चांगली जाड आहे, काम होईल तिच्याने. पुढचा टायर बदलायचा होता, तेव्हा मी आधी फोन केला. धाकटी आली, वर चढून बसली आणि नट आवळून होईपर्यंत सीट टोचते म्हणून कुरकुरत राहिली. मी एकदा सवयीने म्हटलं, सोड तो ब्रेक. तिने सोडला नाही.