दोरी कुणी ओढिली

केसरबाईंचा पाळणा मलकपेठेतल्या मराठवाडी घरांत इतका गाजलेला, की बारशाचं बोलावणं आधी त्यांना जायचं आणि मग सोयऱ्यांना. ‘दोरी कुणी ओढिली बाई, दोरी ओढिली खंडोबानं,’ असं सुरू करून नऊ कडव्यांत त्या नऊ देवांना कामाला लावायच्या. पण मागच्या हिवाळ्यात घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याच सुमाराला भाषावार वाटणीत राज्य बदललं, तेव्हा केसरबाई म्हणाल्या होत्या, “बदलू दे, नळाला पाणी तेच येतंय.” दीक्षेचं मात्र त्यांनी असं हसण्यावारी नेलं नाही. देव सोडले म्हणजे सोडले. त्यांच्याबरोबर चालही टाकली. नुसती गुणगुण ओठांवर आली तरी जीभ चावायच्या.

आणि नेमकी आता नात झाली. बारशाला चार दिवस उरले होते. सून मनकर्णा कधी काही मागणारी नव्हे, पण त्या दिवशी बोलली. “आत्याबाई, साऱ्या गल्लीच्या लेकरांना तुम्ही पाळणा म्हणलात. माझ्या लेकीचं नाव मुक्यानंच ठेवायचं का?”

केसरबाईंच्या काळजाला ते लागलं. मुलगा तातेराव कचेरीत कारकून, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला तोडगा असायचा. “आई, खंडोबाच्या जागी बुद्धाचं नाव घाल, झालं.”

“एक देव उठवून त्याच पाटावर दुसरा बसवायचा?” केसरबाई कडाडल्या. “त्यासाठी घेतली का दीक्षा?”

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात वांगी निवडत होत्या, तेवढ्यात एक वरात आली. शेरवानीतला नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि बँड वाजवत होता चक्क त्यांचा पाळणा! तोही दणादण, ताशाच्या तडतडाटात. लेकरू निजायचं सोडा, मेलेलं माणूस उठून बसलं असतं. केसरबाईंना आधी राग आला, मग हसू आलं आणि शेवटी उत्सुकता त्यांना जागेवर उभं राहू देईना. वांग्यांची पिशवी सांभाळत त्या वरातीमागून निघाल्या. मांडवापाशी वाजणं थांबलं तसं त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला गाठलं.

“ही चाल कुठली रे, भाऊ?”

“अम्मा की है, मौसी. चक्की पे गाती थी.”

“आमच्या पाळण्याची आहे ती!”

“हौ? तो अम्मा से लड़ो. मेरेकू खाना खाने दो.”

केसरबाई खरोखरच गेल्या. रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्याची अम्मा, हुसेनबी, खाटेवर बसून चिंचा सोलत होत्या. भांडण ऐकून घ्यायच्या आधी त्यांनी चहा पाजला. मग जातं ओढल्यासारखा हात हवेत गोल फिरवत गायला लागल्या, “चक्की कौन फिराई माँ, चक्की फिराई ज़ैनब ने…”

तीच चाल, तेच वळण, नाव घ्यायची जागासुद्धा तीच. केसरबाई कान टवकारून ऐकत होत्या. “ही जैनब कोण? तुमच्यातली कुणी पुण्यवंत?”

“पुण्यवंत कायकू? मेरी सास. ज़बान की बड़ी तेज़. मगर चक्की फिराई ना उनों?” पुढच्या कडव्यांत हुसेनबींची आई आली, आजी आली, एक विधवा फूफी आली. “पीर-फकीर आटा पीसने आते क्या, बहन?”

केसरबाई खदखदून हसल्या. “आमचे देव तरी कुठं आले दोरी ओढायला? हात आमचेच दुखले!” घरी जाताना, किती महिन्यांनी कोण जाणे, त्या मोकळेपणी गुणगुणत होत्या.

बारशाला खोली बायकांनी भरली. हुसेनबीही आल्या होत्या. केसरबाईंनी सूर लावला तशा दोघीतिघी चपापल्या, आता खंडोबा येणार म्हणून. आली ती गंगू. “दोरी ओढिली गंगूनं,” शेताच्या बांधावर बाभळीला झोळी बांधणारी केसरबाईंची आई. मग आली सासू कोंडाबाई. ज्या बायांचं नाव कुणी साध्या बोलण्यातही घेतलं नव्हतं, त्या गाण्यात येऊन बसल्या. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. कोंडाबाईनंतर केसरबाई थेट मनकर्णेच्या कडव्याला आल्या.

“रुको,” हुसेनबी म्हणाल्या. “बीच में एक छूट गई.”

“कोण?”

“तुम.”

केसरबाई ओशाळल्या. आपलंच नाव आपण कसं गायचं? नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे नुसतं ‘केसर’ म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. मुलगा आई म्हणे, गल्ली बाई म्हणे, आणि सासूचं नाव सुनेनं तिच्यासमोर घ्यायचं नसतं.

पाळण्याशेजारी बसलेल्या मनकर्णेनं दोरी हातात घेतली. मान खाली, आवाज कापरा, पण चाल बिनचूक होती.

“दोरी कुणी ओढिली बाई, दोरी ओढिली केसरनं.”

पुढचं कडवं केसरबाईंना म्हणताच आलं नाही. ते हुसेनबींनी म्हटलं, मनकर्णेचं नाव घालून.