हरिबाची राजदूत

घाटनांदूरला बसस्टँडमागं अंगदचं गॅरेज आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या दुरुस्त कराव्यात तर त्यानंच, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. दोन वर्षांपूर्वी धारूरच्या डोंगराकडचा हरिबा आपली राजदूत मोटरसायकल त्याच्याकडं सोडून गेला. इंजिन जाम झालं होतं. "मेंढरं घिऊन गोदावरीच्या काठाला चाललोय. पावसाळ्याला परततो, तवर करून ठीव," म्हणाला.

तो पावसाळा गेला, पुढचाही गेला. हरिबा आला नाही.

गाडी कोपऱ्यात धूळ खात पडली. अंगद मोबाईलवर जुन्या गाड्या कापून बनवलेल्या नव्या ढंगाच्या गाड्या बघायचा. एक दिवस त्यानं ग्राइंडर काढला आणि राजदूतची मागची चौकट कापली. कोकरांची टोपली बांधायला हरिबानं जोडून घेतलेलं कॅरिअर भंगारात टाकलं. टाकीवरचा पोचा पुट्टीनं भरून काळा रंग मारला, हॅण्डल खाली घेतलं, एकट्यापुरतं चामड्याचं सीट बसवलं. इंजिन मात्र त्यानं जीव लावून बांधलं. अंबाजोगाईच्या गाड्यांच्या प्रदर्शनात तरण्या पोरांनी तिच्याभोवती फोटो काढले, अंगदच्या गळ्यात हार पडला.

त्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी, हरिबा गॅरेजच्या दारात उभा राहिला.

"आमच्या कारभारनीचा, बायडाबाईचा पाय मोडला व्हता रं. पावण्याच्या गावाला पडून व्हतो," तो म्हणाला. "आता हाय बरी, पर चालवत न्हाई तिला. गाडी लागंल." मग त्याची नजर काळ्या गाडीवर गेली. तो जवळ आला, टाकीवरून हात फिरवला. "लई देखनी केलीस. कुनाची?"

अंगदला त्याच क्षणी बोलता आलं असतं. हरिबानं आपलीच गाडी ओळखली नव्हती.

"गिऱ्हाइकाची," अंगद म्हणाला.

"अन् आमची कुटं ठिवलीस?"

"मामा... चोरीला गेली."

हरिबा खाली बसला. मग उठून त्यानं अंगदच्या पाठीवर हात ठेवला. "तू कशाला तोंड पाडतूस? पोलिसात नगं जाऊ. गॅरेजातून गाडी गेली म्हटल्यावर कोन ठिवील तुझ्याकडं? मीच बगतो कुटं घावती का."

ते त्यानं खरंच मनावर घेतलं. चार दिवसांनी अंगदची बायको स्वप्ना बाजारातून आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "ते हरिबामामा पायी धर्मापुरीपतूर गेलते म्हने. भंगारवाल्याकडं गाडी हुडकायलेत. अंगदचं नाव घिऊ नगा, गरीब हाय, म्हनतेत. तुमी त्यांना काय सांगितलंय?"

अंगद हात पुसत बाहेर गेला. स्वप्नानं पुन्हा विचारलं नाही. पण तिनं जेवायला वाढलं तेव्हा त्याला ताटाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळी गाडी घेऊन धारूरच्या डोंगराकडं निघाला. माळावर हरिबाची मेंढरं दिसली. इंजिनाचा आवाज ऐकताच मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी बसलेली दोन कुत्री उठली. अनोळखी गाडीवर ती तुटून पडतील म्हणून अंगदनं पाय वर घेतले. कुत्री भुंकलीच नाहीत. शेपट्या हलवत गाडीबरोबर पळत आली आणि चाकं हुंगत उभी राहिली.

हरिबानं कुत्र्यांकडं पाहिलं, मग गाडीकडं. खाली वाकून त्यानं इंजिनाला हात लावला.

"हीच हाय व्हय?"

"व्हय मामा. मीच कापली. तुमी येत न्हाई वाटलं."

"मंग त्या दिवशी कावून बोलला न्हाईस?"

"लाज वाटली."

"लाज तर मला वाटायली," हरिबाचा आवाज चढला. "पाच दुकानात उभा ऱ्हायलो, चोराला शिव्या दिल्या. आता त्यांला काय सांगू?"

झोपडीच्या दारात काठी धरून बायडाबाई उभी होती. तिनं सीटकडं बोट केलं. "अन् मी कुटं बसू हिच्यावर?"



"गाडी पयल्यासारकी कर," हरिबा म्हणाला. "अन् जितं जितं मी इचारलं, तितं तू सोता जाऊन सांग."

अंगद पाचही दुकानांत गेला. शेवटच्या, धर्मापुरीच्या बंकटच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि पत्रा कापायचं मशीन चालू होतं.

"हरिबामामाची गाडी चोरीला गेली न्हवती," अंगद म्हणाला.

"आं? मोठ्यानं बोल बे!"

बंकटनं मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"मीच मोडली. अन् खोटं बोललो," अंगद म्हणाला.

कोणी हसलं नाही. बंकटनं फक्त मान हलवली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पंधरा दिवसांत अंगदनं चौकट पुन्हा जोडली, लांब सीट आणि कॅरिअर बसवलं. सांधे दिसायचे ते दिसतच राहिले. हरिबानं बायडाबाईला मागं बसवलं, किक मारली आणि निळा धूर सोडत दोघं निघून गेली.

आता हरिबा प्लग बदलायलाही धारूरलाच जातो. कधी रस्त्यात गाठ पडली तर तो इतरांना करतो तसाच अंगदलाही हात करतो. अंगद हात वर करतो, पण हरिबाची नजर तोवर पुढं रस्त्यावर गेलेली असते.