ताईची गाळणी

ताई माझ्यापेक्षा फक्त काही मिनिटांनी मोठी. तरी तिला ताईच म्हणायचं, हा आईचा हुकूम. आम्ही जुळ्या. चेहरे इतके सारखे की शेजारच्या काकू आजही आधी हसून घेतात आणि मग विचारतात, "तू कुठली गं?" माझं डोकंच फिरतं. "मी धाकटी, चिडकी," असं मीच सांगून टाकते.

कॉलेजच्या प्रोग्रॅमिंग क्लबची हॅकेथॉन होती. डेटाचा डोंगर समोर टाकणार आणि एका दिवसात त्यातून कामाचं काहीतरी काढून दाखवायचं. जिंकणाऱ्या गटाला डेटा प्रयोगशाळेत वर्षभर काम. त्या प्रयोगशाळेसाठी ताई वेडी झाली होती. मी आपली तिच्या मागोमाग फॉर्म भरला. खरं तर तिच्या आधी भरला, कारण मला कशाचाच दम निघत नाही. आमच्या गटातला तिसरा म्हणजे वर्गातला चष्मा. आलेख छान काढतो, पण तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो.

सरावाला आम्ही सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी घेतल्या. लाखो ओळी आणि एकच माणूस दहा प्रकारे लिहिलेला. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. तिथंच आमचं घोडं पेंड खात होतं. मग ताईनं एक प्रोग्रॅम लिहिला. नावाकडे बघायचंच नाही. फोन नंबर, जन्मतारीख आणि आडनाव जुळलं की माणूस एकच. पहिली ओळ ठेवायची, बाकीच्या फेकायच्या. आम्ही त्याला गाळणी म्हणायचो. काय सुरेख चालायची! क्लबच्या सेक्रेटरीनं बघितली आणि मागूनच घेतली. हॅकेथॉनचे फॉर्म लोकांनी दोन-दोनदा भरून ठेवले होते, ते त्याला साफ करायचे होते. "डोळे मिटून चालव," ताई म्हणाली. "चुकायची नाही."

यादी लागली. माझं नाव होतं, चष्म्याचं होतं. ताईचं नव्हतं.

ती यादीसमोर उभी राहिली, बोट वरून खाली, खालून वर. मी तावातावानं सेक्रेटरीकडे निघाले होते, तेवढ्यात तिनं माझा दंड धरला. "दोघींच्या फॉर्मवर आईचाच नंबर आहे," ती म्हणाली. जन्मतारीख एक, आडनाव एक. तिच्याच गाळणीनं तिला फेकलं होतं.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा दोघींमधून कुणीतरी मला ठेवलं होतं. माझी मलाच लाज वाटली, पण आनंद झाला तो झाला.

घरी आई मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत. सगळं ऐकलं आणि पायडल न थांबवता ताईला म्हणाली, "एवढं काय त्यात? हिचं प्रवेशाचं कार्ड घेऊन तू जा. कुणाला कळतंय? जिला सगळं येतं अशी कुणीतरी हवी तिथं."

"म्हणजे मला काही येत नाही?" मी ओरडले.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे!"

मी ताईकडे बघितलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. ती जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे बघत बसली. ते मला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"घे ना कार्ड," मी म्हटलं. "आणि जिंकलीस तर? नाव माझं लागेल. प्रयोगशाळेत वर्षभर कोण जाणार? तू, मी होऊन? आणि मी कोण होऊन बसू घरात?"

आईचं पायडल थांबलं. हे तिघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही, बोलेपर्यंत.

ताई चपला घालत म्हणाली, "चल. सेक्रेटरीला सांगते, माझीच चूक आहे म्हणून."

क्लबच्या खोलीत दहा-बाराजण कॉम्प्युटर मांडत होते, वायरी ओढत होते. सगळ्यांसमोर ताईनं सांगितलं. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मी वळून असं बघितलं की त्याचं हसू घशातच राहिलं. सेक्रेटरी बिचारा कपाळाला हात लावून बसला. "अगं, तुझी खुर्ची दुसऱ्या गटाला गेली. हॉलमध्ये आता सुईलाही जागा नाही. एकच होऊ शकतं. तुमच्या गटातून कुणी नाव मागे घेतलं, तर तिथं तुला बसवतो."

चष्मा आपल्या बुटांकडे बघायला लागला. ताई सेक्रेटरीकडेच बघत राहिली, माझ्याकडे अजिबात नाही. मान मुद्दाम ताठ धरली होती तिनं. मला कळत होतं, मी हो म्हटलं तर हिचं आयुष्य मार्गी लागेल. हेही कळत होतं की सगळे त्याचीच वाट बघतायत. हिला येतं. मी शेपूट.

"मी मागे घेणार नाही," मी म्हटलं.

परत येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालली. जिन्यात मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "गाळणी तुला चालवावी लागेल. शिक." त्या आठवड्यात तिनं मला पिळून काढलं. मी चुकले की तिचा हात कीबोर्डकडे यायचा आणि ती तो मांडीखाली दाबून ठेवायची. मी चिडायचे, उठून जायचे, परत यायचे. शेवटी एकदा पूर्ण ग्रंथालय माझ्या हातून गाळून निघालं. प्रोग्रॅममध्ये तिनं एक ओळ वाढवली होती, जन्मतारीख जुळली तरी नाव तपासून घेणारी. "आता कुणाची ताई पडायची नाही," ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

हॅकेथॉनच्या सकाळी ती दारापर्यंत सोडायला आली. चार्जर विसरेन म्हणून तोही तिनंच घेतला होता. दारावरच्या मुलानं कार्डावरचा फोटो बघितला, मग माझं तोंड. "तूच ना?"

"मीच," मी म्हटलं आणि आत गेले. मागून चष्मा धापा टाकत आला. त्याला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. दारात ताई दिसली तशी तिलाच त्यानं हाक मारली.

"अगं, बाहेर काय करतेस? चल ना आत, सुरू होईल!"

मी वळले. ताईनं एक पाऊल पुढे टाकलं होतं. फक्त एक. मग तिनं चार्जर त्याच्या हातात दिला.

"ती आत गेली," ती म्हणाली. "मी दुसरी."