कोरडं बोट

नानासोनं खुंटीवर शेवटचा घाव घातला आणि वाघरीची दोरी ताणून बांधली, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जाळीच्या आत मेंढरं अजून जागा धरत होती. कोरेगावच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं खतासाठी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा मुक्काम, रानात बसवून घेतला होता.

"मामा, मी शिवांजली बोलतेय, शिरवळहून. मागच्या साली मेंढरांचं रक्त न्यायला आले होते बघा."

"बोला की, डाक्टरीण बाई."

"कपिलीचा नमुना वाया गेला, मामा."

नानासोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाया म्हंजी?"

"मेंढीच्या लाळेत माणसाची लाळ मिसळलीय. मेंढीपेक्षा माणसाचीच जास्त. कुणातरी बाईची. मामींनी कापूस कसा फिरवला होता, ते विचारायचं होतं. द्या त्यांच्याकडे फोन."

नानासोनं चुलीकडं पाहिलं. तीन दगड मांडलेले होते. त्यांच्यावर काही नव्हतं.

"ती न्हाई."

"बरं, आल्या की विचारून ठेवा. मी परवा साताऱ्याला येतेय, तशीच तुमच्याकडे येते."

"या," तो म्हणाला.

खुंटी पक्की बसली होती. तरी त्यानं तिच्यावर आणखी दोन घाव घातले.

बिराप्पानं भाकरी थापायला घेतली होती. तो नानासोच्या बायकोचा, भामाबाईचा धाकटा भाऊ. दोन सालांमागं मेंढरांत तोंडाचा रोग आला, तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा कळप गेला. तोंडं आली, नाकं गळली, हगवण लागली आणि मेंढरं बसली ती उठली नाहीत. उरलेली चार-दोन त्यानं नानासोच्या कळपात घातली आणि स्वतःही त्यांच्या मागनं आला. नानासोचीही निम्मी गेली होती. पण कपिली आणि तिच्या पोटच्या मेंढ्या त्याच वाघरीत, त्याच आजारी मेंढरांना घासून उभ्या राहिल्या आणि चरत राहिल्या. एकीलाही काही झालं नाही.

ते ऐकून शिवांजली आली होती. ती म्हणाली होती, ह्या मेंढ्यांच्या रक्तात काहीतरी असणार, आणि ते आईकडून लेकीकडं उतरत असणार. ते सापडलं तर पैदाशीला कुठला मेंढा कुठल्या कळपाला द्यायचा ते आधीच कळेल. लेकींचं रक्त तिनं नेलं. पण सगळ्यांची आई कपिली, आणि कपिली तेव्हा गाभण होती. भामाबाईनं तिला सामान वाहायच्या घोडीच्या आड नेऊन उभी केली. "गाभणीला सुई लावू द्यायची न्हाई," म्हणाली, आणि शिवांजलीला कपिलीचं तोंडही दिसू दिलं नाही. शिवांजली हसली. टोकाला कापूस लावलेली एक काडी देऊन गेली. व्याल्यावर मेंढीच्या गालफडात फिरवा आणि पाठवा, एवढंच.

"काय म्हणत हुती डाक्टरीण?" बिराप्पानं विचारलं.

नानासोनं सांगितलं.

"मग द्या की दुसरा. त्याला काय लागतंय? माझ्यावानी आनि कुनाचं हू नये."

"व्हय," नानासो म्हणाला.

भाकरी एका बाजूनं करपली होती. दोघांनी ती तशीच खाल्ली.

काडी फिरवली त्या दिवशी कपिलीचा जबडा नानासोनंच धरला होता. भामाबाईनं कागद फाडला, काडी काढली आणि कापूस आधी आपल्या तोंडात घातला. चांगला ओला केला. मग मेंढीच्या गालात घातला. नानासोला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती कायम तेच करायची. थानाला तोंड लावत नसलेल्या कोकराच्या तोंडात बोट द्यायचं, तर आधी ते आपल्या तोंडात ओलं करायचं. कोरडं बोट कोकराला देऊ नये, कोकरू दुधाला पारखं होतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. सुनांना, पोरींना तिनं तेच शिकवलं. कोरडी काडी ती कशी घालणार?

पुढं श्रावणात ती मिरजेच्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

शिवांजली आली ती ऊन चढल्यावर. तिनं गाडी बांधावर लावली आणि हातातली पिशवी सावरत आली. आधी चुलीकडं बघितलं, मग पालाकडं.

"मामी कुठं गेल्या?"

नानासोनं घोंगडं पसरलं. बिराप्पानं मान हलवली आणि म्हणाला, "आक्का गेली. श्रावणात."

शिवांजली घोंगड्यावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"मला फोनवर कळलंच नाही, मामा."

"मीच नीट सांगितलं न्हाई."

मग त्यानं तिला कोरड्या बोटाची गोष्ट सांगितली. ती खाली बघून ऐकत होती. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "त्या लाळंत काय आसतंय, बाई?"

"तोंडाच्या आतली कातडी असते ना, तिच्या पेशी येतात. दिसत नाहीत डोळ्याला, एवढ्या बारीक. पण एकेका पेशीत माणसाचं सगळं असतं. रंग, उंची, आईबापाकडून आलेलं सगळं."

"मग भांडकुदळपना बी आसंल," बिराप्पा म्हणाला. "त्यो आईकडनंच आल्याला."

शिवांजली जरा हसली. नानासोही हसल्यासारखा झाला.

"आनि ते आता कुटं हाय?"

"आमच्याकडे. नळीत घालून थंड पेटीत ठेवलंय. बर्फापेक्षा कितीतरी थंड असते ती."

"थंडीची लय भित्री हुती आक्का," बिराप्पा म्हणाला. "उन्हाळ्यात बी घोंगडं सोडायची न्हाई."

कपिली मघाशीच कळपातनं निघून आली होती. नानासोच्या खिशात जोंधळा असतो हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्या पाठीशी उभी राहून खिशाला नाक घासत होती.

"ठिवनार न्हवं ती नळी?" नानासोनं विचारलं.

शिवांजलीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"आमचं काम जनावरांचं, मामा. माणसाचं काही ठेवायची परवानगी नाही आम्हाला. कपिलीचा नवा नमुना हातात आला, की जुनी नळी जाळून टाकायची, असं वरून सांगितलंय. तोवर राहील."

"जाळून."

"भट्टी असते त्याला."

नानासोनं मागं हात नेऊन मेंढीच्या कानामागं खाजवलं. कपिलीनं मान लांबवली.

"आता तर ती गाभण नाही ना?" शिवांजली म्हणाली. पिशवीतनं सुई-नळ्यांचा डबा काढून ती झाकण उघडत होती. "रक्तच घेऊन जाते. परत चूक नको. कुठंय कपिली?"

बिराप्पा उठला. त्यानं कपिलीच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला सावकाश चालवत घोडीच्या पलीकडं नेलं. शिवांजलीनं मान वर केली, तेव्हा तो घोडीच्या पाठीवरचं पोतं सारखं करत होता.

"ती फुडं गेलीया," नानासो म्हणाला. "आमच्या भावकीतल्या शालूबाईच्या वाड्याबरूबर."

शिवांजलीनं बिराप्पाकडं पाहिलं.

"व्हय," बिराप्पा पोत्याची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाला. "फुडं हाय."

शिवांजली थोडा वेळ घोडीकडं बघत राहिली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि नवी काडी नानासोच्या हातात दिली.

"गाठ पडली की फिरवा आणि पाठवा. पण कोरडी, मामा."

"कोरडी," तो म्हणाला.

गाडी बांधावरनं वळून सडकेला लागली. बिराप्पा घोडीमागनं आला आणि चुलीपाशी बसला. त्यानं काटकी मोडली, चुलीत सारली.

"माझी आख्खी मेंढरं गेली त्या रोगानं, दाजी," तो म्हणाला.

"ठाव हाय मला."

"म्हनून म्हनलं."

त्यानं तवा चुलीवर ठेवला.

माघारीच्या वाटेवर, खटावच्या माळावर, एका वाड्यात मेंढरांची नाकं गळायला लागल्याचं कानावर आलं. बिराप्पा बघायला गेला. परत आल्यावर त्यानं आधी पाय धुतले, हात धुतले, काठीसुद्धा धुतली.

"त्योच हाय," तो म्हणाला. "कोकरं बसल्याती. त्यांची म्हातारी कोकराम्होरं पानी घिऊन बसलीया, कोकरू तोंड लावंना."

नानासो उठला. काडी भामाबाईच्या सुईदोऱ्याच्या पिशवीत होती. त्यानं ती आणली आणि कपिलीला हाक मारली. ती आली. बिराप्पानं न सांगता तिचा जबडा धरला. कपिलीनं नेहमीसारखं तोंड उघडलं आणि वाट बघत उभी राहिली.

काडीवरचा कागद नानासोनं अंगठ्यानं चाचपला. आतला कापूस हाताला मऊ लागत होता. फाडायची खूण कुठं आहे ते त्याला दिसत होतं.

"हात भरून आला," जरा वेळानं बिराप्पा म्हणाला. "सकाळी बघू."

त्यानं मेंढी सोडली. सकाळी ते लवकर निघाले.

आता वाडा जतकडं, आपल्या रानात आला आहे. शिवांजलीचा फोन मधूनमधून येतो. नानासो तिला पाठवतो म्हणून सांगतो. तीही फार विचारत नाही. जुनी नळी अजून आहे, एवढं मात्र ती दर वेळी आपणहून सांगते. खटावच्या त्या वाड्यात पुढं काय झालं, ते दोघांनी कुणाला विचारलं नाही. कपिली पुन्हा गाभण आहे. काडी पिशवीत आहे. कपिलीचा नमुना द्यायचा राहिला आहे.