बाबांच्या चाकूची चौकशी

सफरचंद सोलताना बाबांचं बोट कापलं आणि घरात चौकशी समिती बसली. अध्यक्ष ताई, सदस्य आई आणि मी. आरोपी बोटाला पट्टी बांधून समोर बसले होते आणि त्यांचा खिशातला घडीचा चाकू पुरावा म्हणून टेबलावर ठेवला होता.

"हात थरथरतो बाबा तुमचा," ताई म्हणाली. "चाकू मी घेऊन जाते. फळं आई कापून देईल."

"मग भरवायलाही आजच सुरुवात करा. हाताचा दोष नाही, धार गेलीय. बोथट चाकू दाबावा लागतो आणि दाबला की घसरतो."

"स्वतःचं बोट कापून वर चाकूकडे बोट दाखवताय," आई म्हणाली.

बाबांनी जन्मभर नकाशे काढले. त्यांच्या रेघांवर इमारती उभ्या राहिल्या. आता एक सफरचंद त्यांच्या हाती सोपवावं का, यावर मतदान चाललं होतं. अखेर रविवारपर्यंत मुदत मिळाली. ताईसमोर सफरचंद सोलायचं, रक्त काढायचं नाही. नाहीतर चाकू तिच्या पर्समध्ये.

मी बाबांना हत्यारांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने धारेचे दगड मांडले, खरखरीत ते तुळतुळीत.

"सगळ्यात बारीक द्या," बाबा म्हणाले. "आम्ही बारीक कामाची माणसं."

"काका, आधी खरखरीत दगडावर धार बनते, बारीक नंतर."

"चाकू माझा आहे."

दुकानदाराने बारीक दगड बांधून दिला.

बाबांनी दगड भिजवला आणि चाकू घासत राहिले. पातं आरशासारखं लखलखलं, पण पावाची कड काही कापेना.

"यात बघून दाढी करा," आई म्हणाली. "याने करायला जाऊ नका."

आम्ही परत जाऊन खरखरीत दगड आणला. दुकानदार काही बोलला नाही. तो त्याचा मोठेपणा नव्हता, दुकानात गर्दी होती.

आता खरी अडचण समोर आली. पातं दगडावर एकाच कोनात टेकवून ठेवावं लागतं आणि बाबांचा हात दर फेरीला नवा कोन शोधून काढत होता. त्यांनी धारेलगत स्केचपेनने काळी शाई लावली आणि पातं पुन्हा घासलं. शाई सगळीकडून सारखी जायला हवी होती, पण कुठे गेली, कुठे तशीच राहिली. ते डाग बाबांनी कनिष्ठाने चुकवलेला नकाशा पाहावा तसे पाहिले.

"मी धरू का?" मी विचारलं.

"खुर्ची धर. आणि तिच्यावर बस."

मग त्यांनी ड्रॉइंग बोर्डाचा शिकंजा काढला, चाकू टेबलाच्या कडेला घट्ट आवळला आणि दगडच दोन्ही हातांत धरून पात्यावरून फिरवायला लागले. कोपरं टेबलावर रोवलेली, दात ओठावर. पुन्हा शाई, पुन्हा दगड. शाई सलग पुसली जायला लागली तेव्हा त्यांनी पात्याच्या दुसऱ्या अंगाला हळूच बोट लावलं. तिथे लोखंडाची बारीक कड वळून आली होती आणि टोकापर्यंत खरखर लागत होती. घासणं धारेपर्यंत पोचल्याची ती खूण होती आणि तिचीच ते वाट पाहत होते. पातं उलटून त्यांनी दुसरी बाजू घासली आणि मग बारीक दगडाने ती खरखर हलक्या हाताने काढून टाकली.

रविवारी ताई आली आणि पर्स उघडी ठेवूनच बसली.

बाबांनी सफरचंद उचललं. हात थरथरत होता, ते कोणाला नाकारता आलं नसतं. ताई अर्धवट उठली.

"बस खाली," आई म्हणाली. समितीत फूट पडली होती.

पातं सालीत शिरलं. बाबा दाबत नव्हते, नुसतं सरकवत होते. साल नागमोडी निघत होती, कुठे जाड, कुठे पातळ. निम्म्यावर ती तुटली.

"तुटली," ताई म्हणाली.

"सोलायचं ठरलं होतं. रिबीन काढायची नव्हती."

सोलून झाल्यावर ताईने त्यांचे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले, शाळेत नखं तपासतात तसे. मग चाकू मिटला, क्षणभर हातात ठेवला आणि बाबांसमोर सरकवला.

"जपून," ती म्हणाली आणि पर्सची चेन ओढली.

बाबांनी चाकू उघडला आणि दुसरं सफरचंद घेतलं. ते कोणीही मागितलं नव्हतं.